नाव, वडिलांचं नाव, गाव

चूक माझी होती, पण डॉक्टरांसमोर मी ती एका शिकाऊ मुलीवर ढकलली.

ती बेला गावाहून आमच्या दवाखान्यात ऑफिसचं काम शिकायला यायची. नाव, वडिलांचं नाव आणि गाव विचारल्याशिवाय ती कुणाची फाईल पुढे देत नसे.

"रांग काऊन अडवून राह्यली?" मी टोमणा मारायचो.

"काका, एका नावाच्या लय बाया असतात," ती हसायची.

त्या दिवशी घाईत मी एका लक्ष्मीबाईची फाईल दुसऱ्याच लक्ष्मीबाईबरोबर आत पाठवली. त्या मुलीनंच धावत जाऊन चुकीचं इंजेक्शन थांबवलं. तरी माझ्या शब्दावर डॉक्टरांनी तिचं शिकणं बंद केलं. उरलेल्या फाईली गावांप्रमाणे लावून तिनं डबा उचलला.

मी तिला फाटकाशी गाठलं, परत डॉक्टरांपुढे नेलं आणि म्हणालो, "फाईल मी पाठवली होती. पोरी, मला माफ कर."