जिजाचं गुवाहाटीचं तिकीट

"विमानाला काय पितृपक्ष असतो का, बाबा? पितरांना विचारून कंपन्या विकतात का लोक?"

हितेशचा आवाज पडवीतून मागच्या अंगणापर्यंत येत होता. जिजा उन्हात टाकलेल्या केळ्यांच्या ओळी उलटत होती. राजेळी केळी सोलून सुकवायला ठेवली की रोज हाताने फिरवावी लागतात, नाहीतर एका अंगाने काळी पडतात आणि सुकेळी धड होत नाहीत. आज पाचवा दिवस होता.

"मला काय विचारतोस?" शत्रुघ्न म्हणाला. "त्या तिकीटवाल्या फर्डिनंडला विचार. दहा तारखेच्या आत कळवायचं, असं त्याने नीट बजावलं का? हवापान्याचं बोलल्यासारखं बोलला फोनवर."

"बजावलं होतं. तुम्ही काय म्हणालात? पंधरवडा संपू दे, घट बसले की बघू. तो म्हणाला, यांच्यात तसं असेल काही, आपण कशाला मध्ये पडा. चर्चला जाणारा माणूस तो. त्याला काय माहीत, आपले पितर एवढे कडक आहेत!"

"जीभ आवर. घरात आत्ताच घट बसलाय."

"हो, आणि तिकीट गेलं."

शत्रुघ्नने सकाळीच घट मांडला होता. पत्रावळीवर माती, मातीत सात धान्यं, मध्ये कलश. जिजाने दिवा लावला, पहिलं पाणी घातलं. त्यानंतरच हितेशला पापडीला फर्डिनंडच्या ऑफिसात जायची परवानगी मिळाली. सातिवलीच्या कारखान्यातून त्याने अर्धा दिवस सुट्टी काढली होती. परत आला तो हातात एक कागद घेऊन, आणि चपला काढायच्या आधीच भांडायला लागला.

भांडण जिजाच्या प्रवासावरून होतं. जिजाला कुणी हाक मारली नव्हती.

तिकीट जूनमध्ये काढलं होतं. लेकीचा, जागृतीचा नवरा बँकेत, दोन वर्षांपूर्वी बदली होऊन गुवाहाटीला गेला. पहिल्या खेपेला जागृतीचं पाचव्या महिन्यात गेलं. आता पुन्हा दिवस राहिले तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ नाही सांगितलं. जागृतीची सासू उमेळ्याला अंथरुणाला खिळलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते काही होत नव्हतं, तर माहेरानेच तिकडे जायचं ठरलं. माहेर म्हणजे जिजा. दसरा एकवीसचा, तेवीसचं विमान, पोर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. सगळं बसवून बेतलं होतं.

नीलपंख नावाची स्वस्तातली विमान कंपनी होती. तिचं एकच विमान मुंबईहून कोलकात्याला जायचं, अर्धा तास थांबायचं आणि तेच पुढे गुवाहाटीला. फर्डिनंडने समजावलं होतं, "मावशी, जागेवरून उठायचंच नाही. शेवटच्याला सगळे उतरले की उतरायचं." जिजाला तेवढं जमण्यासारखं होतं. मनातल्या मनात ती पुष्कळदा तशी बसून राहिली होती.

ऑगस्टमध्ये एका मोठ्या कंपनीने नीलपंख विकत घेतली. ज्यांची तिकिटं आहेत त्यांनी काळजी करू नये, असं पेपरात आलं होतं. तिकीट राहिलंच. तिकिटावरचं जिजाचं नावही राहिलं. विमान तेवढं गेलं. मोठ्या कंपनीचं कोलकात्याहून गुवाहाटीला स्वतःचं विमान आधीच होतं, मग तिने दुसरं कशाला ठेवावं? सप्टेंबरच्या अखेरीला फर्डिनंडकडे कागद आला. त्यात दोन गोष्टींतली एक निवडायची होती. त्याच दिवशी कोलकात्यापर्यंत जायचं, तिथे पाच तास थांबून दुसऱ्या विमानात बसायचं, जादा पैसे नाहीत. किंवा पैसे परत घ्यायचे. दहा ऑक्टोबरपर्यंत काहीच कळवलं नाही, तर पैसे परत हवेत असं धरलं जाईल.

आज बारा तारीख होती.

"आता काढ ना नवीन," शत्रुघ्न म्हणाला.

"कुठून काढू? बंगाल्यांची पूजा आहे, सगळी विमानं फुल्ल. एक मिळतंय ते दिल्लीवरून. आई दिल्लीला उतरून विमान बदलणार? तिला विरारला पूल बदलायला लावला तर ती दोनदा विचारते."

"मग कोलकात्याला तरी कशी बदलनार होती? म्हनून तर मी म्हटलं, थांब, बघू."

"म्हणजे तुम्हाला तिला पाठवायचंच नव्हतं!"

"असं मी बोललो?"

जिजाने शेवटची ओळ उलटली. शत्रुघ्न काय बोलला होता, ते तिला माहीत होतं. फर्डिनंडचा फोन आला तेव्हा ती तिथेच, श्राद्धाच्या भाजीसाठी अळूची पानं निवडत बसली होती. पक्षात जन्माचं नि प्रवासाचं बोलणं नको, पंधरा दिवसांनी काय बिघडतंय, असं शत्रुघ्नने सांगितलं. तिने तोंड उघडलं होतं आणि पुन्हा पानांकडे बघितलं होतं. चाळीस वर्षांत 'बघू' हा शब्द तिने इतक्यांदा ऐकला होता, की तो आला की तिचे हात आपोआप पुढच्या कामाला लागत.

राजोडीचं माहेर आणि वटारचं सासर, मध्ये तासाभराची चाल. एवढीच तिची दुनिया. एकदा नाशिक, एकदा शत्रुघ्नच्या मुतखड्यासाठी मुंबईचं हॉस्पिटल, आणि वर्षाआड डहाणूच्या महालक्ष्मीची जत्रा. बाकी केळी, अळू, पानवेल, आणि आळीतली तान्ही पोरं. पोरांना आंघोळ घालावी ती जिजानेच. पाट मांडून बसायची, पाय लांब सोडायची, पायांवर पोर उताणं घ्यायची. तिच्या हाताखाली पोर रडायचं थांबायचं. हिंदूंची, ख्रिस्तावांची, सगळी पोरं तिच्या पायांवरून गेली होती. शेजारच्या फ्लॉसीची तिन्ही, आणि परवा-परवा तिची नात सुझानसुद्धा. फ्लॉसी म्हणायची, "बाप्तिस्मा फादर देतो, पन पानी पयलं जिजाचं."

नव्या कंपनीच्या कागदात आणखी एक ओळ होती, ती फर्डिनंडने त्याच फोनवर सांगितली होती. वीस किलोऐवजी पंधरा किलो सामान. त्या रात्री कुणाला न सांगता जिजाने गुवाहाटीसाठी भरलेल्या पिशवीतून तो आंघोळीचा पाट काढून परत मोरीत ठेवला होता. आधीच्या खेपेची सुकेळी मात्र ठेवली होती.

फोन वाजला. हितेशने उचलला, दोन शब्द बोलला आणि ओरडला, "आई! ताई आहे."

जिजाने हात पदराला पुसले. केळ्यांचा चीक पुसून जात नाही, बोटं काळीच राहिली.

"आई, हितेशने सांगितलं मला," जागृती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. "असू दे. तू नको दगदग करूस. मी खालच्या बाईंशी बोलून ठेवलंय. त्या येतील हॉस्पिटलात."

"कोन बाई?"

"आहेत एक. आसामी आहेत. त्यांना हिंदी येतं."

"डॉक्टर काय म्हनतात?"

"थोडं आधी होईल म्हणाल्या. बीपी आहे." मग जरा थांबून, "आई, तुझी आई तुझ्या पाठीला बसली होती ना गं, माझ्या वेळेला?"

"हो."

"इथे तसंही आत कुणाला घेत नाहीत. बाहेरच बसवतात. त्यामुळे तसा काही फरक नाही."

"बरं," जिजा म्हणाली.

जागृतीने फोन ठेवला. जिजानेही ठेवला. बोटं चिकटली होती तेवढी जाणवत होती. तिने ती एकमेकांवर घासली.

"काय म्हनते?" शत्रुघ्नने विचारलं.

"नको येऊ म्हनते."

"बघ," तो हितेशला म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "पोरगी शहानी आहे. तिकडे हॉस्पिटलं मोठी आहेत. झालं की दोन महिन्यांनी इकडेच आनू."

हितेशने कागदाची घडी घातली, मग आणखी एक घातली.

मागच्या दारी फ्लॉसी उभी होती. भांडण ऐकून आली होती की केळीची पानं मागायला, ते तिने सांगितलं नाही. जिजा तिच्यासाठी पानं कापायला वाडीत गेली, फ्लॉसी मागोमाग.

"जिजा, आमची थेरेसा मंगळवारी जाते परत."

थेरेसा म्हणजे फ्लॉसीची धाकटी बहीण, सिस्टर थेरेसा. पंधरा वर्षं गुवाहाटीकडच्या कॉन्व्हेंटच्या शाळेत शिकवत होती. तीन वर्षांनी एकदा महिनाभर वटारला यायची.

"गेल्या रविवारीच तुला बोलनार होते," फ्लॉसी म्हणाली. "पन तुझा विमानाचा रुबाब! म्हटलं, बाई आता ढगात जाते, तिला आगगाडीचं काय सांगायचं." ती हसली, आणि जिजा हसली नाही म्हणून थांबली. "तीन सिस्टर आहेत. तीन जागा आहेत. तुला वेटिंगचं तिकीट काढावं लागंल, जागा मिळनार नाही. थेरेसा म्हनते, तीन जागांवर चौघी बसू. तीन दिवस पाय आखडतील."

"कोलकात्याला उतरायचं?"

"गाडी बदलायची तिथे. थेरेसाच्या मागे चालायचं फक्त. पन मंगळवार. तुझा घट."

जिजाने पान कापलं. घट एकदा बसला की दसऱ्यापर्यंत घरच्या बाईने उंबरा ओलांडून परगावी जायचं नाही, दिवा नि पाणी तिच्याच हातचं. स्वतःची सासू गेली त्या वर्षी सुतक होतं तेवढं सोडून जिजाने हे कधी चुकवलं नव्हतं. तिला कुणी विचारलंही नव्हतं, चुकवशील का म्हणून.

"थेरेसा परत कधी जाईल?"

"आता तीन वर्षांनी येईल, नि मग जाईल," फ्लॉसी म्हणाली.

जिजाने पानांची गुंडाळी करून केळीच्या सोपटाने बांधली आणि तिच्या हातात दिली.

दुपारी पानं वाढून झाली. बापलेक एकमेकांकडे न बघता जेवत होते. जिजाचा नऊ दिवसांचा उपास होता. ती मोरीत गेली, पाट घेऊन आली आणि दाराशी भरून ठेवलेल्या पिशवीत उभा घातला. पिशवीचा बंद लागेना, तो तसाच सोडला.

"हे काय?" शत्रुघ्न म्हणाला.

"मंगळवारी मी थेरेसाबरोबर आगगाडीनं जानार. हितेश, जेवलास की वेटिंगचं तिकीट काढून आन."

"मंगळवारी? अगं, घट..."

"घटाला पानी तुम्ही घाला," जिजा म्हणाली. "सकाळी. आनि सुकेळी उद्या फिरवायची राहिलीत, ती मी फिरवते. परवा बांधायची."

तिने त्याच्या पानात भात वाढला.