शेजारच्या सीटचा दिवा

आज घाटकोपरच्या सिग्नलला गाडी थांबली आणि डॅशबोर्डवर सीटबेल्टचा लाल दिवा लागला. टिंग टिंग सुरू झालं. माझा बेल्ट तर लावलेला होता आणि शेजारची सीट रिकामी होती. माझी बायको वसुधा गेल्यापासून ती रिकामीच असते.

हा फॉल्ट पूर्वीही आला होता. तेव्हा आम्ही दोघं मुलुंडच्या एका वायरिंगवाल्याकडे गेलो होतो. भर दुपार होती, तापलेल्या सीटकव्हरचा वास येत होता आणि वसुधा बाहेर उभी राहून उसाचा रस पीत होती. वायरिंगवाल्याने सीटखाली हात घातला. म्हणाला, "सेन्सरला वाटतंय, कोणीतरी बसलंय."

वसुधा हसली. "बघ रे, मी उतरले तरी तुझी गाडी मला धरूनच चालते."

त्याने प्लग साफ करून परत बसवला आणि चेक करायला तिलाच बोलावलं. "वहिनी, बेल्ट न लावता बसा. आता उठा. परत बसा." रसाचा ग्लास सांभाळत ती बसत होती, उठत होती. ती बसली की दिवा लागायचा, उठली की विझायचा. "झकास," मी म्हटलं. ती उठली की दिवा विझतोय, याचा मला केवढा आनंद झाला होता.

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न मारायला लागले. मी हात लांब करून शेजारच्या सीटचा बेल्ट ओढला आणि नीट लावला.

गाडी गप्प झाली.