ताईचा चष्मा आणि भावजींचा संशय

आमच्या भावजींचा स्वतःच्या सावलीवरसुद्धा विश्वास नव्हता. धंदा चष्म्याचा. भिंगाच्या पाकिटावर नंबर छापलेला असायचा, पण भावजी तो वाचायचेच नाहीत. भिंग डोळ्यासमोर धरून हलवायचे आणि त्यातून खिडकीचा गज किती सरकतो ते बघायचे. गिऱ्हाइकाने आपला नंबर सांगितला तरी तेच. म्हणायचे, “लोक वय लपवतात, तसा नंबरही लपवतात.”

अशा माणसाला माझी ताई एक दिवस म्हणाली, “अहो, मला तुम्ही दोन दिसताय.”

“एक पुरत नव्हता का गं?” मी म्हटलं. ताई हसली. भावजी नाही हसले. दुकानात बसायचा कंटाळा आला म्हणून ही ढोंग करतेय, असं त्यांच्या मनाने घेतलं. सख्ख्या बायकोवर संशय! मला असा राग आला म्हणून सांगू.

एक डोळा झाकला की तिला एकच दिसायचं. उजवा डोळा किंचित नाकाकडे वळला होता. भावजींनी कानाकडच्या कडेला जाड आणि नाकाकडे बारीक असं भिंग घासलं. काचेत शिरताना आणि काचेतून निघताना उजेड वाकतो; अशा भिंगातून तो जाड कडेकडे झुकतो आणि वळलेल्या डोळ्यालाही समोरचं माणूस जागेवर सापडतं. पण सरळ देतील तर ते भावजी कसले! आधी साधीच काच बसवून म्हणाले, “हे नवं भिंग. आता एकच दिसेल बघ.”

“छे, दोनच आहात.”

मग खरं भिंग घातलं. “अगंबाई, झाले की एक!” मग तेच भिंग गुपचूप फिरवून जाड कड नाकाकडे केली.

“आता तर आणखी लांब गेलात. काय चाललंय तुमचं?”

ढोंग नव्हतं. भावजी खजील झाले, आणि चष्मा जमला म्हणून स्वारी खूशही झाली.

थोड्याच दिवसांत ताईला पुन्हा दोन दिसू लागले. “पाडलास ना चष्मा?” भावजींनी तिलाच धारेवर धरलं आणि आणखी जाड भिंग घासलं. मग त्याहून जाड. मी डॉक्टरकडे न्या म्हटलं, तर म्हणे, “ते सगळे एकमेकांना सामील असतात.”

तिसऱ्या खेपेला मात्र ते भिंगातून गजाकडे बघतच राहिले. “काच जशीच्या तशी आहे,” ते म्हणाले. “मग डोळाच सरकतोय. का सरकतोय?” आणि त्याच दिवशी ते ताईला डॉक्टरकडे घेऊन गेले.

ताईच्या मेंदूत गाठ निघाली. डोळा फिरवणारी नस तिच्याखाली दबत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “दोन दिसणं हीच धोक्याची खूण होती. चष्म्याने ती झाकून टाकली. फार उशिरा आणलंत.”

ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण नस सुधारेल की नाही, ते कुणालाच सांगता येईना. पट्टी काढल्यावर भावजी खाटेजवळ गेले. “मी एक दिसतोय की दोन?”

“एकच,” ताई म्हणाली.

तिचा उजवा डोळा अजून नाकाकडेच वळलेला होता. ती खोटं बोलतेय हे मला कळलं, मग त्यांना कळलं नसेल? आता हे पुन्हा तपासणी मांडणार, असंच मला वाटलं.

“बरं झालं गं,” भावजी म्हणाले, आणि तिचा हात धरून बसून राहिले.