अंगठ्याचा खळगा

नंबर लागेपर्यंत मी हाडांच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर काढलेल्या चपला बघत बसले होते. प्रत्येक चपलेवर अंगठ्याचा काळपट खळगा होता. माझ्या उजव्या चपलेवर मात्र तो नव्हता. अंगठ्यात बसवलेला कृत्रिम सांधा सैल झाल्यापासून मी पावलाच्या बाहेरच्या कडेवरच चालते.

आत डॉक्टर म्हणाले, "तो सांधा काढू, तुमच्याच कमरेचं हाड तिथे भरू आणि अंगठा कायमचा जखडून टाकू. दुखणं बहुतेक थांबेल, पण अंगठा वाकणार नाही. नाहीतर नवा सांधा बसवू. तो वाकेल, पण पुन्हा सैल होणार नाही याची खात्री नाही. ठरवून सांगा."

आज कोणती भाजी करायची ते विचारावं तसं म्हणाले! उकिडवं बसायचं, चवड्यांवर उभं राहून वरचा डबा काढायचा, तर सगळा भार अंगठ्यावर येतो, हेसुद्धा मला तो बिघडल्यावर कळलं. मी काय ठरवणार?

त्याच घोरात बाहेर आले आणि चपला चढवल्या. उजवा अंगठा एका गुळगुळीत खळग्यात अलगद टेकला. क्षणभर वाटलं, बरा झाला.

मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, त्या चपला माझ्या आहेत."