उतरती खाट

अंतराळात माणसाच्या शरीराचं काय होतं, हा विषय मी पदव्युत्तर शिक्षणासाठी घेतला, तेव्हा थेरगावच्या आमच्या इमारतीत अनेकांना वाटलं की मी आता रॉकेटमध्ये बसणार. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आईला विचारलंही, "वर जाऊन परत कधी येणार म्हणे?"

"वर नाही हो जायची. परदेशात शिकून येणार आहे," आईनं सांगितलं. तरी त्या बरेच दिवस माझ्याकडे काळजीनं बघायच्या.

मला या विषयाकडे नेलं ते वडिलांच्या मोडलेल्या मांडीनं. वडील मूळचे लातूरकडचे, चाकणच्या एका कंपनीत प्रेसशॉपला, म्हणजे पत्र्याचे भाग दाबून काढायच्या खात्यात होते. थेरगावहून बसनं भोसरीपर्यंत जायचे आणि तिथून पुढे एका मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून. हा मित्र भोसरीच्या जुन्या गावठाणातला, त्याच शिफ्टला. मी त्यांना काका म्हणायचे. एका संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर परत येताना गाडी खडीवरून घसरली. काकांना जरासं खरचटलं. वडिलांच्या मांडीचं हाड मोडलं.

काका दवाखान्यात रोज यायचे, गाडी चालवत होतो मी, असं प्रत्येकाला स्वतःहून सांगायचे. एक दिवस आई त्यांना म्हणाली, "तुमचं काय, नुसतं खरचटलं. झोपलंय ते आमचं घर." त्यानंतर ते आले नाहीत. वडील बरे होऊन स्टोअर्समध्ये हलक्या कामावर रुजू झाले, तोवर काकांनी दुसऱ्या कंपनीत नोकरी धरली होती. फोनही बंद झाले.

मी तेव्हा फिजिओथेरपी शिकत होते. हाड जुळायला फार वेळ लागला होता. वडिलांना पहिल्यांदा उभं केलं तेव्हा ते पांढरेफटक पडले आणि माझ्या खांद्यावर कोसळले. पोटऱ्या लहान मुलाच्या असाव्यात तशा झाल्या होत्या. हाडांचे डॉक्टर मला म्हणाले, "घाबरू नको. अंतराळातून परत आलेल्या माणसाचंही असंच होतं. अंगावर भार नसला की शरीराला वाटतं, एवढं हाड, एवढा स्नायू सांभाळायचा कशाला?" ते वाक्य डोक्यात बसलं ते बसलंच.

नोकरी केली, शिष्यवृत्ती मिळाली, परदेशात गेले. तिथे पहिल्याच तासाला शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला जमिनीवर आडवं करून पाय खुर्चीवर ठेवायला लावले आणि बऱ्याच वेळानं हातात आरसे दिले. सगळ्यांचे चेहरे सुजल्यासारखे दिसत होते. "अंतराळात रक्त असंच डोक्याकडे सरकतं," बाई म्हणाल्या. तिथला अभ्यासक्रम संपला आणि प्रबंधाचं काम मी इकडे येऊन केलं. तळेगाव दाभाड्याजवळच्या एका कॉलेजनं एक खोली दिली आणि तिथल्या एका प्राध्यापक डॉक्टर बाईंनी देखरेख पत्करली. या उपकारांना मोजमाप नाही.

प्रयोग साधा होता. खाटेच्या पायगतीला ठोकळे लावून ती डोक्याकडे सहा अंशांनी उतरती करायची. त्यावर निरोगी माणसानं दिवसभर पडून राहायचं. उशी नाही, उठून बसणं नाही. खाणंपिणं, लघवी, सगळं आडवं राहूनच. संध्याकाळी त्याला उभं करायचं आणि रक्तदाब, नाडी किती बदलते ते बघायचं.

तरुण पोरं मिळाली. मला वडिलांच्या वयाची माणसंही हवी होती, आणि ती मिळेनात. कुणाला रक्तदाब, कुणाला साखर. वडील म्हणाले, "मलाच घे की." पण मांडीत सळई असलेला माणूस चालत नव्हता. मग एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी जुना नंबर शोधला आणि आईसमोरच फोन लावला. "मी बोलतोय," एवढंच म्हणून त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. नंतर म्हणाले, "पोरीचं एक काम आहे. येशील का?"

काका आले. केस पिकलेले, तब्येत ठणठणीत. सगळ्या तपासण्या झाल्या, मी प्रयोग समजावून सांगितला. त्यांनी एकच विचारलं, "मधीच उठायचं न्हाई ना?"

"त्रास झाला तर कधीही उठा, काका. कुणी अडवणार नाही."

"आता न्हाई उठत," ते म्हणाले.

दिवसभर जवळ एक माणूस लागायचा. त्या दिवशी वडील बसले. दुपारपर्यंत दोघं हवापाण्यापलीकडे गेले नाहीत. काकांचा चेहरा तांबूस फुगला, नाक चोंदलं, पाठ दुखायला लागली. जेवायच्या वेळी वडिलांनी पिशवीतून डबा काढला. आईनं माझ्याकडून मिठाचं प्रमाण विचारून घेऊन मुगाची उसळ आणि मऊ पोळ्या केल्या होत्या. वडिलांनी पोळीची गुंडाळी करून काकांच्या तोंडाशी धरली.

"कुणी केल्यात?" काकांनी विचारलं.

"घरूनच आल्यात. तिनं सांगितलंय, संध्याकाळी जेवायला घरी घेऊन या."

काका चावायचे थांबले. मी कोपऱ्यात नोंदी घेत होते. यंत्राच्या पडद्यावर त्यांची नाडी चढताना मला दिसत होती.

"भावा," काका छताकडे बघत म्हणाले, "ती खडी मला लांबूनच दिसली व्हती. वाटलं, निघंल गाडी. लई वर्षं झाली, पण ती खडी काय डोळ्यापुढनं जात न्हाई."

वडील म्हणाले, "मलापण दिसली होती की. मी कुठं म्हणालो, हळू घे? दोघांनाबी घरी जायची घाई होती, राव."

काकांच्या डोळ्यांतलं पाणी उताराने कपाळाकडे, केसांत जाऊ लागलं. वडिलांनी ते आपल्या रुमालानं पुसलं आणि उरलेला घास पुन्हा पुढे केला. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. आपण इथे आहोत, ही गोष्ट आपल्या समोर घडतेय, यासाठी मला कुणाचे तरी पाय धरावेसे वाटले.

संध्याकाळी काकांना उभं केलं तेव्हा रक्तदाब उतरला, त्यांना गरगरलं. डॉक्टर बाई पुढे व्हायच्या आतच वडिलांनी त्यांना काखेत हात घालून धरलं होतं. थोडं बसल्यावर सगळं ठीक झालं. बाईंनी खात्री केल्यावरच सोडलं आणि आम्ही तिघं थेरगावला आलो.

आईनं दार उघडलं. "माझ्या तोंडून नको ते निघून गेलं होतं," ती उंबऱ्यातच म्हणाली.

"वैनी, पोळ्या मऊ व्हत्या," काका म्हणाले आणि आत आले.

पुढे तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं: या एका माणसाची नाडी दुपारी अचानक का वाढली? मी खरं ते सांगितलं की शेजारी त्यांचे जुने मित्र बसले होते आणि ते दोघं बऱ्याच वर्षांनी बोलत होते. परीक्षक हसले नाहीत. "मग त्या वेळचे आकडे बाजूला काढा आणि का काढले ते लिहा," एवढंच म्हणाले. मी तसं लिहिलं. पदवी मिळाली.

आता मी चिंचवडला अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना उभं करायचं काम करते. अंतराळवीर अजून एकही भेटलेला नाही. प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं पान होतं. त्यात भाग घेणाऱ्यांची नावं द्यायची नाहीत, असा नियम आहे. तिथे मी नुसतं "सर्व स्वयंसेवकांचे आभार" असं लिहिलं. ते फार थोडं वाटलं, म्हणून हे इथे सविस्तर लिहिलं.