कागद फिरव की!

ताकवाल्या सरूमावशी नसत्या, तर फिरायला आलेल्या त्या आजी-आजोबांचं काय झालं असतं, हे अजून मनात येत राहतं.

जंगलाच्या फाटकावर पर्यटकांना नकाशे द्यायचं माझं काम. शाळा सातवीतच सुटलेली. नकाशा समोर धरायचा आणि बोट दाखवायचं, एवढंच ठाऊक. त्या दिवशी धबधब्याची वाट म्हणून मी त्या दोघांना कड्याच्या वाटेला लावलं. मावशींनी पाहिलं, ताकाचा माठ तसाच टाकून धावल्या आणि दोघांना हाताला धरून माघारी घेऊन आल्या. मग माझा नकाशा जमिनीवर ठेवून, कागदावरचा तलाव खऱ्या तलावाच्या बाजूला येईपर्यंत त्यांनी तो फिरवला.

"अगं शहाणे, कागद फिरव की! तुझ्यासाठी डोंगर फिरायचाय व्हय?"

तेव्हापासून मी आधी कागद फिरवते. पण मग उगाच वाटत राहतं, याच्या कुठल्या कडेपलीकडे माझं भंडाऱ्याकडचं गाव असेल? बोट कडेपर्यंत जातं, तिथंच घुटमळतं. जीव थाऱ्यावर राहत नाही.

मावशी, एकदा तुम्हाला तिकडे नेईनच. धानाच्या बांधावरून मी पुढे चालेन, तुम्ही निवांत मागून या.