भवानीला सुतक नव्हतं

शालूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी शीवच्या घरातून ऑफिसला निघायच्या घाईत होते. आत्याच्या भावानं, भाईकाकांनी एवढंच सांगितलं, "शालू गेली. ये." लालबागच्या तिच्या खोलीत पोचले तर माणसांची ही दाटी, आणि कॉटखाली भिंतीला चिकटून बसलेली भवानी, आत्याची मांजर. तिला आत्याशिवाय दुसरं कुणी माहीतच नव्हतं…

ही बया आधी चाळीच्या जिन्यात राहायची. पहिल्याच भेटीत आत्याच्या अंगावर धावून आली, म्हणून नाव भवानी. लग्नाच्या भानगडीत न पडता ब्लाउज शिवून स्वतःच्या जिवावर जगलेली माझी आत्या महाहट्टी; हिला माणसाळवायचंच, असं तिनं ठरवलं. पण हात पुढे करून लाड करणं तिच्या स्वभावात नव्हतं. दुपारी उकडलेला बांगडा दाराशी ठेवायची आणि तिकडे पाठ करून मशीन चालवत बसायची. मी वाकून बघायला गेले की ओरडायची, "बघू नको गो तिच्याकडे! तिका आपणहून येवंदे." भवानी आधी उंबऱ्यापर्यंत आली, मग मशीनपर्यंत, आणि पुढच्या गणपतीपर्यंत आत्याच्या पायांवर झोपू लागली.

आत्या गेली आणि घरात सुतक आलं. सुतकात मासे शिजत नाहीत. भवानीपुढे दूधभात ठेवला, तिनं हुंगलाही नाही. सगळे म्हणाले, दुःखात आहे बिचारी. मीही डोळे पुसले. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला… दुःख असेलच, पण ती मासळीवाचून उपाशीही होती! मी तडक बाजारातून बांगडा आणला. भाईकाका दारातच आडवे आले.

"अगो, बाराव्यापर्यंत तरी थांब. लोक काय म्हणतील?"

"सुतक आपल्याला आहे, काका. तिला नाही. आत्याच्या घरात तिची मांजर उपाशी मेली तर ते बरं दिसेल?"

काका पुटपुटत गॅलरीत गेले.

भवानीनं तो बांगडा खाल्ला, पण मी खोलीबाहेर गेल्यावर. त्याच दिवशी मी ठरवलं, हिला मासळीबाजारात सोडायचं नाही की कुणाच्या गळ्यात बांधायचं नाही. शीवला न्यावं तर पिशवी दिसताच ती माळ्यावर पळते. म्हणून रोज ऑफिस सुटलं की लालबागला येते, मासे उकडते आणि तिच्याकडे पाठ करून बसते. मान अवघडते, वैताग येतो. आत्याला या कामाचा कंटाळा कसा आला नाही, देव जाणे. पण मीही तिचीच भाची.

मी दार उघडलं की भवानी कॉटखालून बाहेर यायची, पण माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघायची. अजून कुणी येतंय का… कुणी नसायचं. मग ती परत आत.

परवा तिनं मागे पाहिलंच नाही. सरळ येऊन माझ्या पायाला अंग घासलं. ज्यासाठी इतका हट्ट धरला ते झालं, आणि मी उंबऱ्यातच बसून हमसाहमशी रडले. आत्याची वाट बघणारं त्या घरात एकच कुणीतरी उरलं होतं, आता त्यानंही वाट बघणं सोडलं होतं. भवानी मात्र ओट्याकडे तोंड करून ओरडायला लागली. मी डोळे पुसले, गॅस पेटवला आणि बांगडा उकडायला ठेवला.